बोट का थांबली

३ मार्च

भाऊजी,

फोन केला असता, पण फोनवर तुम्ही दोनदा ‘हं’ म्हणता आणि ठेवून देता. पत्राच्या उत्तरात नुसतं ‘हं’ लिहून पाठवायची माणसाला लाज वाटेल, म्हणून पत्र.

मी बरी आहे. बरी म्हणजे उठते, डबा भरते, पडद्यांच्या दुकानात जाते, दिवसभर झालरी शिवते आणि परत येते. भेटेल तो विचारतो, झोप लागते का? लागते. जेवण जातं का? तेही जातं. आठ महिन्यांत मी एकदाही धड रडलेले नाही. शेजारीण म्हणते, तुम्ही फार धीराच्या. धीर कसला, हात अवघडून बधिर होतो तशी मी सगळीच झाले आहे.

काल यांची रिमोटवर चालणारी छोटी बोट कपाटावरून खाली काढली. तळ्यावरच्या मंडळाचे ते म्हातारे औषधवाले, ज्यांना सगळे कप्तान म्हणतात, त्यांनी ती त्या दिवशी पुसून घरी आणून दिली होती. तेव्हापासून तिला कोणी हात लावला नव्हता. आता सगळ्यांचं म्हणणं, मंडळाला देऊन टाका, डोळ्यांसमोर नको. मला देववत नाही. प्रेमामुळे नाही, ती का थांबली ते मला कळलेलं नाही म्हणून. त्या गुरुवारी संध्याकाळी पलीकडच्या काठाजवळ ती बंद पडली, वाऱ्याने सांडव्याकडे सरकायला लागली, आणि हे कमरेएवढ्या गार पाण्यात तिला आणायला उतरले. छातीत कळ आली ती तिथेच. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

त्याच्या आदल्या आठवड्यात तुम्ही इथे होता. बोटीची सगळी वायरिंग तुम्ही नव्याने केली होती. मी काही म्हणत नाही. पण मोठमोठ्या जहाजांवरची वीज तुम्ही सांभाळता, तेव्हा हे कसं तपासायचं ते मला तुमच्याशिवाय कोण सांगणार? मला चूक कुठे झाली ते हवं आहे. सापडल्यावर तिचं काय करायचं ते मी ठरवलेलं नाही.

वहिनी


१२ मार्च

वहिनी,

पत्र मिळालं. तपासणी अशी करावी.

बॅटरी पूर्ण चार्ज करा. दादाच्या खणात पिवळं मीटर असेल. त्याची लाल सुई बॅटरीच्या लाल टोकाला, काळी काळ्या टोकाला लावा. आकडा आठच्या वर आला पाहिजे. मग मोटर पूर्ण वेगात चालू ठेवून पुन्हा बघा. सातच्या खाली घसरला तर बॅटरी म्हातारी झाली. फ्यूज ही काचेची छोटी नळी आहे, आतली तार अखंड आहे का ते उजेडात धरून बघा. प्लग हलक्या हाताने ओढून बघा, सैल नको. रिमोट आधी चालू करायचा, बोट नंतर. बंद करताना उलट. नाहीतर पंखा अचानक फिरतो आणि बोटं सोलवटतात.

मी सोल्डर केलेल्या जोडण्यांना हात लावू नका. आहेत तशा राहू द्या.

बंदरावर काम खूप आहे. सुट्टी मिळत नाही.

तुमचा
धाकटा


२१ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र वाचताना वाटलं, कुणाच्या तरी पाण्याच्या पंपाबरोबरचं माहितीपत्रक चुकून माझ्या पत्त्यावर आलं. शेवटी ‘धाकटा’ वाचलं तेव्हा ते तुमचंच असल्याची खात्री पटली. असो. माहितीपत्रक चांगलं आहे, सगळं जमलं.

बॅटरी आठ पॉइंट दोन. मोटर चालू असताना सात पॉइंट नऊ. फ्यूज अखंड. प्लग इतका घट्ट की तो उपसताना माझं नख मोडलं. जेवणाच्या टेबलावर दोन पुस्तकांच्या मधे बोट उभी केली आणि रोज संध्याकाळी दुकानातून आल्यावर चालवून बघितली. पंखा भिरभिरतो, सुकाणू डावीकडे वळतं, उजवीकडे वळतं. कुठे अडखळणं नाही, कुठे धूर नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर येऊन विचारलं, नवीन मिक्सर घेतला का?

काहीतरी तुटलेलं, जळलेलं सापडेल असं मी धरूनच चालले होते. सगळं धडधाकट आहे हे बघून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही. बोट बंद केली आणि भांडी घासली.

जोडण्यांना हात लावू नका असं का लिहिलंत? तेवढं एकच वाक्य त्या माहितीपत्रकात माणसाने लिहिल्यासारखं होतं.

वहिनी


३० मार्च

वहिनी,

टेबलावर ती चालणारच. पंखा हवेत फिरतो तेव्हा मोटरला काही ओढावं लागत नाही. पाण्यात भार येतो, वीज दसपट वाहते, आणि कच्ची जोडणी असेल तर ती तेव्हाच उघडी पडते. हे मला पहिल्या पत्रातच लिहिता आलं असतं. लिहिलं नाही. टेबलावर काहीतरी सापडू दे, म्हणजे मोटरमध्ये, बॅटरीत, कुठेही, असं मला वाटत होतं.

आता सरळ लिहितो. त्या दिवशी मी घाईत होतो. परतीची गाडी होती. शेवटच्या दोन जोडण्या मी उभ्या उभ्या केल्या, दादा टॉर्च धरून होता. सोल्डर, म्हणजे वितळवलेलं कथिल, थंड होईपर्यंत तार हलली तर वरून जोडणी चकचकीत दिसते आणि आतून पोकळ राहते. पोराटोरांना मी हेच शिकवतो. त्या दोन जोडण्या थंड होताना माझा हात स्थिर होता का, ते मला आठवत नाही. गेले आठ महिने मी तेच आठवून बघतो आहे.

सुट्टी मिळत नाही हेही खरं नाही. मी जहाजांवर जाणं सोडलं. भांडारात बसतो, वायरची रिळं देतो-घेतो. हातात सोल्डरची कांडी धरवत नाही. साहेबांना पाठ दुखते म्हणून सांगितलं आहे. दादा गेल्यावर घरी आलो होतो तर दारातच उभा राहिलो, तुम्हाला वाटलं असेल याला परतायची घाई. तुम्ही विचाराल, या भीतीने मी आत आलो नाही.

आंघोळीच्या टबात पाणी भरा. बोटीच्या मागच्या कडीला दोरी बांधून नळाला अडकवा आणि पूर्ण वेगात पाच मिनिटं चालवा. मग झटकन बंद करून बॅटरीपासून मोटरपर्यंत प्रत्येक जोडणीला बोट लावून बघा. पोकळ जोडणी गरम लागते. लाल वायरवरच्या दोन आधी बघा. गरम लागल्या तर त्या माझ्या आहेत. तसं लिहा.

धाकटा


९ एप्रिल

भाऊजी,

टब भरला, बोट बांधली, चालवली. न्हाणीघरभर पाणी उडालं. बंद केली आणि लाल वायरवरच्या दोन जोडण्यांना बोट लावलं.

थंड आहेत. टबातल्या पाण्याइतक्या थंड. बाकीच्याही तशाच. मोटर चालू असताना बॅटरी सात पॉइंट तीन. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, दहा मिनिटं. थंडच.

तुम्ही सरळ लिहिलंत म्हणून मीही लिहिते. त्या गरम लागाव्यात अशी माझी इच्छा होती. पहिलं पत्र मी त्यासाठीच लिहिलं होतं. ‘मी काही म्हणत नाही’ असं लिहिलं होतं ना, ते सगळं म्हणूनच लिहिलं होतं. तुमची चूक सापडली की मला तुमच्यावर रागावता येईल आणि मग पुढचं सगळं आपोआप होईल, असा माझा हिशेब होता. बोट ओलं करून त्या जोडण्यांवर ठेवलं तेव्हा आतून काहीतरी हललं, आठ महिन्यांत पहिल्यांदा. मग जोडणी थंड लागली आणि मी पुन्हा होते तशी झाले.

तुमच्या जोडण्या मी जवळून पाहिल्या. माझी लांबची नजर गेली असली तरी जवळचं मला सुईच्या टोकाएवढं दिसतं. एकसारखा, कुठे गाठ नाही, असा टाका घालणारी माणसं आमच्या दुकानात दोनच आहेत, त्यातली एक मी. आता कांडी हातात धरा आणि त्या भांडारातून बाहेर पडा.

वहिनी


१५ एप्रिल

वहिनी,

तुम्ही खरं लिहिता आहात ना?

मला बरं वाटावं म्हणून थंड म्हणत असाल तर कृपा करून तसं करू नका. दादा असता तर त्याने हेच केलं असतं. लहानपणी मी काचेचं भांडं फोडलं की तो स्वतःचं नाव सांगायचा, आणि मला रात्रभर झोप यायची नाही. तुम्ही त्याच्याबरोबर बावीस वर्षं काढली आहेत, वाण नाही पण गुण लागला असेल.

बोट धडधाकट असती तर ती थांबली नसती. म्हणजे एक तर तुम्ही लपवता आहात, नाहीतर बोटीत असं काहीतरी आहे जे मी बसवलेलं नाही. सोबत मी केलेल्या वायरिंगचं चित्र पाठवतो. मधला छोटा डबा म्हणजे रिसीव्हर, रिमोटचं ऐकणारा. त्याला तीन खण आहेत. एकात सुकाणू, एकात मोटरचा वेग ठरवणारा कंट्रोलर, तिसरा रिकामा. चित्र शेजारी ठेवून एकेक तार बोटाने धरत जा. चित्रात नाही असं काही दिसलं तर लिहा. काही नसेल तर तेही लिहा, पण खरं.

धाकटा


४ मे

भाऊजी,

उत्तराला उशीर झाला. चूक मला त्याच आठवड्यात सापडली होती. लिहायला बसवत नव्हतं.

तिसरा खण रिकामा नाही. त्यातून केसासारख्या दोन तारा निघून केबिनच्या छपराखाली जातात, तिथे नखाएवढा एक खटका आहे. तो मी दाबला. बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा लागला, उजवीकडे हिरवा आणि छपरावर पांढरा. इतके महिने मी त्यांना शोभेचे मणी समजत होते. पडद्यांच्या झालरींना मी दिवसभर तसलेच मणी लावते, दुसरं काही असेल असं मनात आलंच नाही. उघडून पाहिले तर टॉर्चमधले बारीक बल्ब निघाले, वर रंग दिलेले.

यांचंच काम. तीस वर्षं पार्सल ऑफिसात खणांत टपाल सरकवलेला माणूस, रिकामा खण दिसला की हात शिवशिवायचे. माझ्या शिवणाच्या डब्यातला एक खण मी मुद्दाम रिकामा ठेवायचे, तर त्यात रोज काहीतरी सापडायचं. सेफ्टी पिन, बसचं तिकीट, एकदा स्वतःचा पडलेला दात.

दिवे लावून बोट पुन्हा टबात घातली. आठेक मिनिटं नीट चालली. मग दिवे विझले, सुकाणू मेलं, पंखा थांबला. रिमोटची काडी हलवली, काही नाही. मी टबाच्या काठावर बसून राहिले. बऱ्याच वेळाने ती आपोआप जागी झाली आणि जणू काही झालंच नाही अशी पुन्हा चालायला लागली. ती अशीच थांबली असणार. हे काठावर थांबले असते तर तीही परत आली असती.

मग मी कप्तानांकडे गेले. त्यांनी सांगितलं, हो, बोटीत दोन खटके होते, पुसताना मी दोन्ही बंद केले. दिव्यांचं मला का नाही सांगितलं, असं विचारलं. ते म्हणाले, कोणी विचारलं नाही. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “तो मला म्हणाला होता, बायकोला पलीकडच्या काठावरची बोट दिसत नाही, रविवारी तिला बाकावर बसवून दाखवतो.”

रविवारी मी यांच्याबरोबर तळ्यावर जायचे हे तुम्हाला माहीत आहे. एका रविवारी हे आनंदाने विचारत होते, वळण कसं घेतलं बघितलंस का? मी म्हटलं, कसली बोट आणि कसलं वळण, मला इथून तुमची टोपीसुद्धा धड दिसत नाही. एवढंच. चिडून नाही, हसत म्हटलं होतं.

तर असं आहे. मी काही लपवलेलं नाही. तुमच्या जोडण्या थंड होत्या आणि थंडच आहेत. तुम्ही सुटलात. यापुढे पत्र आलं नाही तरी मला समजेल.

वहिनी


८ मे

वहिनी,

पत्र आलं तसा लगेच लिहायला बसलो आहे. भांडार बंद करून आलो.

मी सुटलो नाही. मी निघालो त्यानंतर मंगळवारी दादाचा फोन आला होता. विचारत होता, बोटीत आणखी एक छोटी बॅटरी बसवली तर चालेल का? मी म्हटलं, मुळीच नको, मागून आधीच खाली बसते आहे, आता एक ग्रॅमसुद्धा वाढवू नकोस. कशाला हवी ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. गुपित ठेवायचं असेल. त्याने माझं ऐकलं. बॅटरी वाढवली नाही, दिवे रिसीव्हरच्या रिकाम्या खणात लावले. रिसीव्हरला वीज कंट्रोलरमधल्या एका लहानशा भागातून येते. सुकाणूपुरती ती पुरते. टॉर्चचे तीन बल्ब तिच्यावर टाकले तर तो भाग तापत जातो आणि जळू नये म्हणून स्वतःच बंद होतो. निवला की पुन्हा सुरू होतो. तुम्ही टबात पाहिलंत ते तेच.

दादाने नुसतं ‘दिव्यांसाठी’ म्हटलं असतं तरी मी सांगितलं असतं की मग बॅटरी वेगळीच हवी, वजनाचं बघू. मी ‘कशाला’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. तो फोन मी दोन मिनिटांत ठेवला. तुम्ही म्हणता तसं, दोनदा ‘हं’ करून.

हे मी तुमच्या वाट्याचं कमी व्हावं म्हणून लिहीत नाही. तुम्ही बोललात ते कुठलीही बायको बोलेल, मी बोललो ते कुठलाही वायरमन बोलेल, आणि त्याने केलं ते तोच करू जाणे. याच्यात मला रागवायला कोणी सापडत नाही. तुम्हाला सापडलं तर कळवा.

बोट मंडळाला देऊ नका, एवढी विनंती. दिव्यांच्या तारा त्या खणातून काढा. पेन्सिलीएवढ्या चार बॅटऱ्यांचा छोटा डबा मिळतो, तो पुढच्या टोकाला बसवा म्हणजे मागचा भार थोडा तोलला जाईल. तीन दिवे त्याला जोडा. त्याचा बोटीच्या बाकी विजेशी काही संबंध ठेवायचा नाही. सोल्डर करावं लागेल. कांडी दादाच्या खणात आहे. जमत नसेल तर थांबा.

धाकटा


२२ मे

भाऊजी,

थांबले नाही. पेन्सिलीएवढ्या बॅटऱ्यांचा डबा आणला, यांची कांडी तापवली, आणि तुम्ही पोराटोरांना शिकवता तसं श्वास रोखून तीन दिवे जोडले. पहिल्यांदा बोट भाजलं. दुसऱ्यांदा टेबल भाजलं. टबात अर्धा तास चालवली, थांबली नाही.

काल रविवार होता. संध्याकाळी कप्तानांना बरोबर घेऊन तळ्यावर गेले. त्यांनी पाण्यावर वाकून पाहिलं आणि म्हणाले, नाक जड झालं आहे. मी म्हटलं, असू दे. रिमोट मीच धरला. सोडली तेव्हा जवळ होती तोवर बोट दिसत होती, मग नुसता ठिपका, मग पाणीच. आणि मग पलीकडे, झाडांच्या काळोख्या सावलीत, तीन दिवे दिसले. लाल, हिरवा, पांढरा. स्पष्ट दिसले, भाऊजी. बाकावरून दिसले.

मी रिमोट तसाच धरून बसून राहिले. कप्तान म्हणाले, वळवा आता, सांडवा जवळ आला. मला ऐकू येत होतं पण हात हलेना. हे दाखवायला यांनी एवढं केलं होतं, आणि बघायला मी एकटी. मग मी रडले. चांगली मोठ्याने रडले, काठावरची माणसं मागे वळून बघायला लागली. रडता रडताच काडी दाबली आणि तिला वळवलं. कप्तानांनी मदत केली नाही, नुसते शेजारी उभे राहिले, ते बरं केलं.

ती परत आली. पूर्ण फेरी झाली. पण वळताना छपरावरचा पांढरा दिवा दोनदा मिणमिणला. लाल-हिरवा स्थिर होते. घरी येऊन जवळून पाहिलं तर जोडणी चकचकीत आहे. आतून कशी आहे ते मला कळत नाही. ती जोडताना माझा हात हलला होता, हे मला पक्कं आठवतं.

तेव्हा पुढच्या रविवारी दुपारी या आणि ती एक जोडणी तुमच्या हाताने पुन्हा करून द्या. गाडीची घाई ठेवू नका. यांच्या खोलीत गादी घातली आहे. या वेळी टॉर्च मी धरीन.

वहिनी